गोळा वर काढल्यावर

पेल्टो सरोवरावरच्या त्या तंबूत मारिटला एकच काम असायचं. नवऱ्याच्या गळाला मासा लागला, की बर्फातल्या भोकात सोडलेला यंत्राचा गोळा वायरीला धरून वर ओढायचा. गोळा पाण्यात आवाज सोडायचा आणि परतलेल्या आवाजावरून तळ, गळ, मासा असे पट्टे पडद्यावर उमटायचे. मासा वर येताना गोळा आतच राहिला तर गळाची दोरी वायरीत गुरफटायची, मासा जायचा. मागच्या रविवारी असाच एक मोठा गेला, कारण मारिट लेकीचं नाक पुसत बसली होती.

“आज गळू दे टिल्डाचं नाक,” सासरे ऑर्विल थर्मासमधली कॉफी ओतत म्हणाले. “शेंबडानं कुणी मेलेलं मी तरी ऐकलं नाही.”

“भोकात पडून मेलेले ऐकलेत ना?”

“एवढ्याशा भोकातून तुझी लेक जायची, तर आधी तिचे पॅनकेक बंद करावे लागतील.”

तिचा नवरा कर्टिस हसला. थंडीच्या जाडजूड कपड्यांत फुगलेली तीन वर्षांची टिल्डा तंबूतल्या दुसऱ्या भोकाजवळ उपड्या बादलीवर बसली होती. मारिटने बादली तिच्यासकट पुन्हा मागे ओढली.

“मारिट, पडदा बघ गं,” कर्टिस म्हणाला. “ती कुठे जात नाही.”

दुपार कलली होती. मधूनच खालचा बर्फ कण्हायचा, ते रोजचंच. आणि एकदम कर्टिसच्या हातातली गळाची काठी वाकली.

“गोळा.”

तिने तो झटक्यात वर ओढला, मुठीत धरला. पाण्याबाहेर आला की पडदा रिकामा होतो. आज झाला नाही. तळाचा लाल पट्टा जागच्या जागी होता. कर्टिस दोरी ओढेल तसा मासा वर सरकत होता. आणि तळाचा पट्टा जाड होत चालला होता. मग त्याचा एक भाग सुटला आणि माशामागे वर येऊ लागला.

“कर्टिस, थांब जरा. खाली अजून काहीतरी आहे.”

“गोळा आत राहिलाय का?”

“नाही. माझ्या हातात आहे.”

“मग तुला दिसतंय कशात?”

भोकात पाइक माशाचं लांबट डोकं आलं. कर्टिसने गुडघे टेकून कल्ल्यात बोटं घातली, मासा बाहेर ओढला. कमरेपासून मागे मासा नव्हताच. तरी तो तोंड उघडत-मिटत होता. ऑर्विलनी दांडका घातला. तोंड थांबलं नाही. पुन्हा घातला, कवटी फुटेपर्यंत.

“कुणी खाल्लं याला?” म्हणत कर्टिस भोकावर वाकला, पाण्यातून दोरी गोळा करू लागला.

त्याचा हात खांद्यापर्यंत आत गेला.

गाल बर्फावर आपटला. वर आला, पुन्हा आपटला. दात तुटून बाजूला उडाला. ऑर्विलनी कमरेला मिठी मारून लेकाला मागे खेचलं, जमेना तेव्हा पहार उचलली आणि त्याच्या हाताशेजारून भोकात भोसकत राहिले. पाणी लाल उसळलं. रक्त कुणाचं, कळायला मार्ग नव्हता. कर्टिसच्या खांद्यात कडकन काहीतरी मोडलं.

मारिटची नजर पडद्यावरून हलत नव्हती. पट्टा शून्याला, पाण्याच्या पृष्ठभागाला, भिडला होता.

मग तो नाहीसा झाला.

कर्टिस उताणा कोसळला. कोपराखाली हाताला मांस उरलं नव्हतं.

तेव्हा कुठे तिने मागे पाहिलं.

बादली रिकामी होती. टिल्डा दुसऱ्या भोकावर पालथी पडली होती, हात काखेपर्यंत पाण्यात. रडत नव्हती. आत बघत होती.

मारिटने तिला उचलून छातीशी धरलं. हातमोजा गेला होता. ओला हात गरम लागत होता.

ट्रक किनारा सोडून डांबरी रस्त्याला लागला. पुढे ऑर्विल एका हाताने चालवत, दुसऱ्याने कर्टिसचा दंड आवळून धरत होते. मागे टिल्डा मारिटच्या मांडीवर झोपली होती. गोळा मारिटच्या मुठीतच राहिला होता. वायरीबरोबर ओढत आलेलं यंत्र पायाशी पडलं होतं, पडदा काळा.

वळणावर तिची मूठ लेकीच्या छातीला टेकली.

पडदा उजळला. तळ खूप खोल होता. वर नुसतं पाणी, आणि त्यातून एक जाड पट्टा सावकाश चढत होता.

तिने गोळा काढला, दूर धरला. पट्टा चढतच राहिला.

टिल्डाने झोपेतच, बुडी मारण्याआधी घेतात तसा, मोठा श्वास घेतला, गाल फुगवले आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.