वरची दहा मिनिटं

शनिवारी दुपारी सोराईदा विल्सन रस्त्यावरच्या गाळ्यांच्या इमारतीत शिरली, तेव्हा बाहेर लिमाची नेहमीची भुरभुर चालू होती. छत्री उघडावी इतकी नाही, आणि कोरडं राहावं इतकी कमीही नाही. दारात गिऱ्हाईक ओढणाऱ्या बायका घसा फोडून ओरडत होत्या, "लॅपटॉप, कासेरा, लॅपटॉप! बघायला पैसे पडत नाहीत!" लिमाच्या दुकानदाराला प्रत्येक गिऱ्हाईक कासेरा, लाडात कासेरिता, म्हणजे आपलं नेहमीचंच. मग ते जन्मात पहिल्यांदा आलेलं का असेना.

सोराईदाच्या हातात यादी होती. वेगळी ग्राफिक्स चिप, सोळा जीबी मेमरी, दमदार पंखा, आणि सगळं मिळून तीन हजार सोलच्या आत. एकवीस वर्षं ती पालिकेच्या वजनमाप खात्यात होती, बाजारोबाजारचे तराजू तपासत. दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवायची सवय तिला नव्हतीच.

पहिल्या गाळ्यातल्या माणसाने लाल उजेडाचा कीबोर्ड दाखवला.

"दिवे गेम चालवतात का?" तिने विचारलं. ती पुढच्या गाळ्याकडे वळली. दुसऱ्याने चिप वेगळी आहे म्हणून शपथ घेतली. तिने स्वतः उघडून पाहिलं, नव्हती. तिसऱ्याचा पंखा पाच मिनिटांत धापा टाकू लागला.

हा सगळा खटाटोप रुबेलसाठी होता. रुबेल तिचा धाकटा भाऊ. कोमासच्या टेकडीवर त्यांच्या घराखाली एक सायबर कॅफे होता, तिथे दोघं शेजारशेजारच्या मशीनवर एकच गेम खेळायची: नदी, नदीवर लाकडी पूल, पलीकडे एक गाव. तास संपला की रुबेल मालकाकडे वळून ओरडायचा, "यापा, मालक, यापा!" भाजीवाली जुडीवर दोन काड्या कोथिंबीर फुकट टाकते ना, ती यापा. मालक कुरकुरत वरची दहा मिनिटं द्यायचा.

आठ वर्षांपूर्वी रुबेल माद्रे दे दिओसच्या रानात सोन्याच्या खाणीवर गेला. तिथल्या कॅफेतून एका रविवारी त्याने गेममध्ये निरोप टाकला: "पानी, पुलावर थांबलोय. ये." आईच्या केचुआ बोलीत भाऊ बहिणीला पानी म्हणतो. सोराईदा त्या दिवशी दमली होती. तिने लिहिलं, पुढच्या रविवारी. तो पुढचा रविवार आलाच नाही. ना प्रेत मिळालं, ना कागद.

आता कॅफेच्या जागी कोंबडीचं दुकान होतं. गेम नव्या रूपात आला होता आणि साध्या मशीनवर तो उघडतही नसे. माणूस निघून गेला की गेममधलं त्याचं पात्रही राहत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिला तो पूल पाहायचा होता. आठ वर्षांत दुसरं काही तिने इतक्या तळमळीने मागितलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या मागे, दोन्या विल्मा नावाच्या बाईचा गाळा होता. बाई स्क्रूड्रायव्हरने एका लॅपटॉपचं पोट उघडून बसली होती.

"खेळणार कोण? मुलगा?"

"मी."

बाईने चष्म्यावरून पाहिलं आणि खालच्या फळीवरून एक काळं, जाडसर मशीन काढलं. दिवे नाहीत, झगमग नाही. सोराईदाने अर्धा तास त्याला पिदडलं. चिप खरी होती, मेमरी पुरी होती, पंखा शांत होता. किंमत दोन हजार नऊशे. बाई एक सोल कमी करेना.

"बरं, मग यापा तरी द्या," सोराईदा सवयीने म्हणाली.

"काय देऊ, कासेरिता?"

पिशवी किंवा माऊस मागायचा असतो. सोराईदाच्या तोंडून हसत हसत निघून गेलं, "दहा मिनिटं द्या."

दोन्या विल्मा हसली नाही. तिने पावतीवर किमतीखाली नीट अक्षरात लिहिलं: यापा, दहा मिनिटं.

रविवारी सकाळी सोराईदाने गेम उघडला. नदी तीच होती, पाणी पूर्वीपेक्षा खरं वाटत होतं. पूल रिकामा होता. ती पुलाच्या अलीकडच्या टोकाला उभी राहिली आणि पोटभर रडली. तास झाला. बंद करावं म्हणून तिने हात पुढे केला, तर पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडली. जुन्या कॅफेत मिनिटं मोजायची तशी. दहा मिनिटं, आणि उलटी मोजणी सुरू.

पुलाच्या पलीकडच्या टोकाला तपकिरी टोपी घातलेलं कोणीतरी उभं होतं.

"पानी," अक्षरं उमटली. "किती उशीर गं."

सोराईदाने लिहिलं, "कोण थट्टा करतंय?"

"मालकाची मांजर माझ्या कीबोर्डवर व्याली होती. तू पिल्लांना वजनकाट्यावर ठेवलंस. तेव्हाच म्हटलं, ही सरकारी नोकरीत जाणार."

पिल्लं तोलल्याचं तिसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. ती पुढे निघाली. पहिली फळी कडाडली.

"थांब!" तो म्हणाला. "फळ्या कुजल्यात. तू जड आहेस अजून."

"तू ये मग."

"मला येता येत नाही. इथे सगळं ओलं आहे."

चौकट शून्यावर आली आणि पूल रिकामा झाला.

सोमवारी कार्यालयातला मोठा काटा तपासायचा असे. आधी लोखंडी वजनं ठेवायची, मग गंमत म्हणून सोराईदाने चढायचं. तिचं वजन वर्षानुवर्षं अठ्ठावन्न किलो दोनशे ग्रॅम. वहीत नोंद करणारे तेओफिलोसाहेब तिला 'आमचं प्रमाणित माप' म्हणत.

"छप्पन्न सातशे," ते म्हणाले. "जेवत नाहीस का?"

तिने लोखंडी वजनं पुन्हा ठेवली. काटा अचूक होता. स्कर्टचा पट्टा नेहमीच्याच भोकात बसत होता.

त्या शनिवारी ती पुन्हा गाळ्यावर गेली. "आणखी यापा हवी."

"खरेदीशिवाय यापा कुठे असते, कासेरिता?"

तिने माऊस घेतला. पुढच्या आठवड्यात केबल. मग आणखी केबली. प्रत्येक पावतीखाली तीच ओळ. घरी खोकाभर केबली साठल्या.

"कुठून आणता तुम्ही ही मिनिटं?" एकदा तिने विचारलं.

"मी कुठून आणणार?" दोन्या विल्मा स्क्रू पिळत म्हणाली. "गिऱ्हाईकच घेऊन येतं."

सोराईदाला ते कळलं. काट्यावर जे वर पडतं ते कुठून तरी उतरलेलं असतं, हेच तर ती एकवीस वर्षं लोकांना सांगत आली होती. तरी तिचे पाय शनिवारी तिसऱ्या मजल्याकडेच वळत.

एकोणपन्नास. अडतीस. बावीस. आरशात ती होती तशीच होती, गालसुद्धा भरलेले. तेओफिलोसाहेबांनी काटा दुरुस्तीला पाठवला. तो बरोबर आहे अशी चिठ्ठी लागून परत आला. टेकडीच्या वाळूवर तिच्या चपला उमटेनाशा झाल्या. पलंग कुरकुरेनासा झाला.

पुलावर मात्र ती दर रविवारी थोडी पुढे जात होती. चार फळ्या. नऊ फळ्या. आता रुबेलच्या टोपीवरचा डाग दिसत होता.

"खूप वाट पाहिली गं तुझी," त्याने लिहिलं.

"आलेच," तिने लिहिलं. "मी त्या दिवशी यायला हवं होतं, रुबेल. मला माफ कर."

"ये तर खरी. मग बोलू."

तिच्या नि त्याच्या मध्ये एकच फळी उरली. तिने पाय टेकला. फळी कुरकुरली, अगदी हलकी.

"अजून एकदा," तो म्हणाला. "एकच यापा."

शनिवारी तिने शेवटची केबल घेतली. रविवारी ती फळी वाजलीच नाही. रुबेलने हात पुढे केला, आणि चौकट शून्यावर आली.

पण पूल या वेळी रिकामा झाला नाही. रुबेल हात पुढे करून तसाच उभा राहिला.

"काम आटपून ये," त्याने लिहिलं. "मी थांबतो."

सोमवारी लोखंडी वजनं झाली. काटा अचूक होता. सोराईदा काट्यावर चढली, दोन्ही पाय जुळवून, श्वास धरून. खूप वर्षांनी तिला हसू येत होतं.

तेओफिलोसाहेब वही उघडून, पेन टेकवून, काट्याच्या शून्यावरच्या सुईकडे बघत बसले होते.

"चढ ना गं, सोराईदा," ते म्हणाले. "किती वेळ वाट पाहायची?"