चाकूरच्या पुढं

अप्पांची शर्यतीची मोटारसायकल विकायची, हे महांतेशनं ठरवलं ते काही रागानं नव्हे. तो थकला होता, इतकंच.

लातूरच्या त्यांच्या घरात ही गाडी पुढच्या खोलीतच उभी असायची. तरुणपणी गुंडप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, हैदराबाद-मद्रासच्या शर्यती तिच्यावर मारल्या. मग एकदा पडले, पाठीचा कणा गेला, आणि उरलेलं सारं आयुष्य पलंगावरून तिच्याकडं बघत काढलं. त्यांना निजवणं, कुशीवर वळवणं, अंग पुसणं, सगळं त्याच्या आईनं, शिवगंगाअव्वानं केलं. अप्पा गेले तरी तिचा हात थांबला नाही. रोज सकाळी गाडी पुसायची, टाकीवर भस्माची बोटं ओढायची. पुढं दिसेनासं झालं, तरी चाचपडत पुसायचीच. तिला धरून न्यायचं, बसवायचं, उठवायचं हे आता महांतेशच्या माथी आलं होतं. धड झोप अशी त्याला ठाऊकच नव्हती.

अर्धापूरचा अश्वजित जुन्या गाड्या विकत घेऊन दुरुस्त करायचा. भर उन्हात तो पिकअप घेऊन आला.

"अव्वा, नेऊ देऊ का गाडी?" महांतेशनं भीत भीत विचारलं.

बाजेवर बसलेल्या अव्वानं पदर खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "ने म्हणावं. मी बी लई थकले आता."

इतक्या सहज ती हो म्हणेल, असं त्याला वाटलं नव्हतं. गाडी दोरानं आवळून पिकअप गेला. खोलीत पेट्रोलचा जुना वास तेवढा राहिला. महांतेश फरशीवर आडवा झाला. लाइट गेली, पंखा थांबला. तासाभरानं कुठं डोळा लागतोय तोच फोन वाजला.

अश्वजित होता. आवाज दबका.

"काका... चाकूरच्या पुढं थांबलोय. तुमच्याकडचे कुणी म्हातारे मागं गाडीवर बसलेत. कवा चढले, कळलं न्हाई."

"कोण म्हातारे?"

"कपाळाला भस्म हाय. उतरा म्हणलं तर बोलतच न्हाईत. अन् काका... मांडी घालून बसलेत. गाडीच्या सीटवर."

महांतेश उठून बसला. लिंगायतांत मयताला जाळत नाहीत, मांडी घालून बसवून पुरतात. चाकूरजवळच्या त्यांच्या शेतात अप्पांना त्यानंच खाली उतरवलं होतं. वर्षानुवर्षं आडवी राहिलेली ती पाठ मातीला टेकवून त्यानंच ताठ केली होती.

"त्यांना हात लावू नको," तो कसाबसा म्हणाला. "तू पिकअप चालव."

"चालवतो. पण ती बाई?"

"कोणती बाई?"

"शर्यतीची गाडी, सीट एकाचीच... तरी त्यांच्या मागं बसलीय. खांद्यावर हात ठेवून. निळं लुगडं. हासून राहिली, काका..." फोनमध्ये पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला.

महांतेशनं मान वळवली. अव्वा समोर बाजेवरच होती. निळ्या लुगड्यात, डोळे मिटून. छाती संथ खालीवर होत होती. उजवा हात मात्र तिनं पुढं, हवेत, कशावर तरी टेकवल्यासारखा धरला होता.

"अव्वा..."

"चाकूर मागं पडलं का रं?" तिनं विचारलं. आवाज लांबून आल्यासारखा होता.

खिडकी बंद होती. खोलीत वाऱ्याची झुळूक नव्हती. आणि अव्वाचे कपाळावरचे पांढरे केस भराभरा मागं उडत होते.