आठवा ढीग

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी जळकोटहून बोरवस्तीला पायी निघालो होतो. चाल तीन तासांची. काम साधं होतं. तिथं रस्ता नाही, एवढं डोळ्यांनी पाहून माझ्या वर्तमानपत्रात छापायचं. तो रस्ता त्र्याहत्तरच्या दुष्काळी कामात पूर्ण झालाय, नवा मिळणार नाही, असं साहेब लोक सांगत होते. त्यांच्याकडे कागद होता. असल्या कागदांशी भांडण्यात माझी वीस वर्षं गेली होती. नवे रस्ते ठरवायची त्यांची बैठक सोमवारी होती.

भर दुपार. पाऊलवाट, गोटे, कोरडा ओढा. वारा पडलेला. ओढ्यापाशी खडी फोडल्याचा आवाज यायला लागला. ठक्... ठक्... खाली पाहिलं तर पायाखाली रस्ता होता. मुरूम टाकून नीट दाबलेला. कडेला सात बायका मान खाली घालून दगड फोडत होत्या. प्रत्येकीपुढं खडीचा ढीग, ढिगावर चुन्याची ओली रेघ. आठवा ढीग तेवढा कोरडा, त्याच्यापाशी कुणी नव्हतं. चुन्याचा वास घशात उतरला.

"काम कुणाचं हे?" मी दरडावून विचारलं.

कुणी वर पाहिलं नाही. हातोड्या मात्र सगळ्या एकदम थांबल्या.

मी पाय उचलले. वस्तीवर पोचलो तेव्हा घड्याळात निघून पाऊण तासच झाला होता.

रस्ता मागणारा अर्ज वस्तीवरच्या सरजाबाईंनी पाठवला होता. त्या दारातच उभ्या होत्या.

"मावशी, रस्ता तर आहे. अर्जात खोटं का लिहिलंत?"

"कुठला रस्ता, दादा? ऊन लागलं वाटतं. पानी घ्या."

मी पाहिलं ते सांगितलं. त्यांचा तांब्या धरलेला हात तसाच राहिला.

"चुना मारलेला व्हता?"

"सात ढिगांवर."

"मोजलेला ढीग परत मोजू न्हाई म्हनून मारतेत चुना," त्या हळूच म्हणाल्या. "दुष्काळात त्या रस्त्याचं काम चालू व्हतं, त्या दिशी खदान ढासळली. सात जनी दबल्या, माझी बहीन नागुबाई बी. मुकादमानं त्यांला गैरहजर लिवलं अन् रस्ता पुरा झाला म्हनून कागद धाडला. मी तापानं घरी व्हते. आठवा ढीग माझा..."

आतून कण्हणं आलं. त्यांची सून पंचशीला सकाळपासून बाळंतपणात अडली होती. चौघं जण बाज घेऊन तयार होते, पण जळकोटचा दवाखाना ओढ्याच्या वाटेनं तीन तासांवर. मागच्या साली वस्तीतल्याच गुणाबाईला असंच नेलं होतं. ती वाटेतच गेली.

सरजाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "तुमाला दिसला न्हवं रस्ता? मग व्हा म्होरं."

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी पुढं झालो. ओढ्यापाशी ठक् ठक् सुरू झालं आणि जमीन सपाट झाली. बाज उचलणाऱ्यांनी चाल वाढवली. कडेला फक्त मी पाहिलं. सातही जणी उभ्या होत्या, मान खाली, वाट सोडून. आठवा ढीग कोरडाच होता. मागं सरजाबाई तोंडावर पदर घेऊन चालत होत्या.

सरकारी दवाखान्यात वेळेवर पोचलो. मुलगी झाली, खणखणीत रडली. मी व्हरांड्यात वही उघडून बसलो. रस्ता आहे असं लिहावं तर वस्ती कायमची बुडाली. नाही लिहावं, तर आम्ही आलो कशावरून? जन्मात पहिल्यांदा माझं पेन अडलं.

"मावशी, लेकराला हे काय लावलंत?" आतून नर्सचा आवाज आला.

मी दारातून पाहिलं. बाळाच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत एक पांढरी रेघ होती. ओली. नर्सनं ती कोमट पाण्यानं पुसली, पुन्हा पुसली. रेघ हलेना. खोलीत चुन्याचा वास भरला होता.

सरजाबाईंनी नर्सचा हात धरला.

"राहू द्या, बाई. ती रेघ माझ्या ढिगाची व्हती..."