पायरीवरचे सरपटे

"हा चौथा," पोपट म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदाच त्याला पुढचं वाक्य सुचलं नाही.

वाळूवर एक समुद्रपक्षी कुशीवर पडला होता. मान उचलायचा, ती लटपटायची, की पुन्हा आडवा. पंखाला जखम नाही, पायात जाळं नाही. टिंगूने ओंजळीत पाणी धरलं, तर पक्ष्याने भलतीकडेच चोच मारली.

"ताई, याला काय झालंय?"

ताईला ते कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं, असं तिला वाटत होतं. शाळेतल्या बाईंनी सुट्टीपुरता सूक्ष्मदर्शक घरी नेऊ दिल्यापासून ती त्याला डोळा लावूनच बसे, म्हणून शेजारच्या पोपटाने तिचं नाव भिंग ठेवलं होतं. त्या बडबड्या पोराला पोपट का म्हणत, ते सांगायला नको. टिंगू तिचा धाकटा भाऊ, नावाप्रमाणेच एवढासा.

समुद्राच्या पाण्यात डायटम नावाचे जीव असतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण प्रत्येकाला राहायला स्वतःची काचेची डबी असते. तिघांनी सुट्टीभर त्यांच्या जातींना नावं दिली होती. गोल त्या चकत्या, लांब केस फुटलेल्या त्या झिपऱ्या. अंगावर मधोमध चीर असलेले, तरंगायचं सोडून दगडाला धरून सरकणारे ते सरपटे. सरपट्यांचा शोध टिंगूचा. म्हणजे धक्क्याच्या पायरीवरच्या तपकिरी बुळबुळीवर तो सपशेल आपटला, आणि भिंगने त्याच्या चड्डीवरची ती बुळबुळ खरवडून काचेवर घेतली.

आई समुद्रात सोडलेल्या दोरांवर शिंपले वाढवायची. आज सकाळी ते काढायला भाड्याने घेतलेल्या बोटीतून तिच्याबरोबर जाऊन दोरांपाशी भरलेल्या पाण्यात मात्र सुईसारखे डायटम होते. टोकाला टोक लावून रांगेने चाललेल्या, थेंबभर नुसत्या सुया. बाईंनी सांगून ठेवलं होतं, सुयांच्या काही जाती विष तयार करतात. छोटे मासे सुया खातात आणि पक्षी त्या माशांना. शिंपलेही पाण्यातून सुयाच गाळून खातात. शिंपल्यांना काही होत नाही, होतं ते शिंपले खाणाऱ्या माणसांना. शिजवूनही ते विष जात नाही.

"आईचे शिंपले संध्याकाळी बाजारात जाणार," टिंगू हळूच म्हणाला. तिघंही पळत सुटले.

शेडमध्ये आई टोपल्या भरत होती. बाहेर ट्रक उभा होता. वर्षभर उन्हातान्हात सांभाळलेलं पीक आज निघणार, म्हणून तिचा चेहरा थकलेला आणि खूश होता. भिंगला तो चेहरा बघवेना.

"आई, हे पाठवू नकोस. पाण्यात सुया आहेत."

"अगं, प्रयोगशाळेने परवाच पाणी तपासलंय. मामाने स्वतः नमुना नेऊन दिला. चांगलं आहे म्हणून कळवलं त्यांनी. आता ऐनवेळी हे काय काढलंस?"

"पक्षी मरतायत, आई."

आईचे हात थांबले, पण क्षणभरच. "राणी, शाळेच्या खेळण्यावरून मी ट्रक परत पाठवू?"

"आमची भिंग त्या साहेबलोकांपेक्षा हुशार," टोपल्या उचलता उचलता मामा हसला. एरवी तो तिची वेणी ओढायचा. आज तो नुसताच दोर आवरायला निघून गेला.

प्रयोगशाळा टेकडीवर होती. पोहोचेपर्यंत टिंगूला धाप लागली. नमुने तपासणाऱ्या मॅडम सूक्ष्मदर्शकावर झाकण घालत होत्या. सगळं ऐकून त्यांनी निःश्वास सोडला.

"विषारी जाती आम्ही शोधूनच बघतो. एकही नव्हती. विश्वास नाही? परवाच्या नमुन्याची काच ठेवलीय, बघ."

भिंगने डोळा लावला. काच इकडे सरकवली, तिकडे सरकवली. एकही सुई नाही. सकाळी आपण चुकीचं पाहिलं असेल का? आईची मेहनत आपण उगाच मातीत घालत होतो का? डोळ्यांत पाणी आलं आणि समोरचं सगळं पुसट झालं.

"मला बघू दे," म्हणत टिंगू स्टुलावर चढला. "ताई, हे तर माझ्या चड्डीवरचे!"

पोपट खो-खो हसला. भिंग हसली नाही. तिने पुन्हा डोळा लावला. सरपटे. सगळे सरपटेच. एक चकती नाही, एक झिपरी नाही.

"मॅडम, हे तरंगणारे नाहीत. हे पायरीवर राहतात. विषारी कोण आहे तेवढं तुम्ही पाहिलंत. बाकीचे कुठले आहेत, ते पाहिलंच नाहीत."

मॅडमनी तिला बाजूला केलं आणि बराच वेळ पाहिलं. मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "नमुना आणला कोणी?"

मामाच्या बोटीचं इंजिन आठवडाभर बंद होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "माझ्या मामाने."

आईचा फोन लागेना. मॅडम पोपटाला घेऊन गाडी काढायला गेल्या, तेवढाही धीर नसलेली भिंग टिंगूचा हात धरून उतारावरून धावली. तिने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. "गिळायचं नाही. शप्पथ?"

"शप्पथ."

ट्रक सुरू झाला होता. शेडच्या दारात चुलीवर आईने नुकतेच चव बघायला थोडे शिंपले उकडले होते. टिंगू सरळ मामासमोर गेला, एक शिंपला उघडला आणि तोंडाशी नेला.

मामाने झडप घालून तो उडवून दिला. टिंगू रडायलाच लागला.

"का रे?" आई म्हणाली. "पाणी चांगलं आहे ना?"

मामा उडालेला शिंपला उचलायला वाकला.

"मामा, पाणी कुठून भरलंस?" भिंगने विचारलं. तिचा आवाज फाटला होता.

"धक्क्यावरून," तो खाली बघत म्हणाला. "इंजिन बंद होतं गं. वाटलं, समुद्र एकच तर आहे."

आईने ट्रकवाल्याला हात केला.

मॅडमनी त्याच भाड्याच्या बोटीने दोरांपाशी जाऊन पाणी आणलं. सुयाच सुया. "या पोरांनी आज किती घरं वाचवली, देव जाणे," त्या म्हणाल्या, "आणि मला जन्माचा धडा दिला." आई रिकाम्या ट्रकाकडे बघत बसली होती. तिने भिंगला जवळ ओढलं. "माझ्या हातून लोकांच्या पोरांना…" जिवंत शिंपले पुन्हा दोरांवर बांधले, पाणी निवळलं की तेही हळूहळू निवळतील म्हणून. सगळ्या टोपल्या मामाने एकट्याने वाहिल्या.

दुसऱ्या दिवशी तो दारात आला. तळहात सोलवटलेले, हातात बाटली.

"दोरांपाशीचं आहे. वल्हवत गेलो."

भिंगने थेंब काचेवर घेतला. मामा उंबऱ्यातच उभा राहिला.

"अजून आहेत, मामा."

"बरं," तो म्हणाला आणि रिकामी बाटली मागितली. "उद्या परत जातो."