छायागणकाला दिसलेली एक

कोल्हापूरच्या प्रतिमा-गणना प्रयोगशाळेत डॉ. शाल्मली किर्पेकर छायागणकासमोर बसली होती. छायागणक म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या दवाखान्यांत निघालेले छातीचे एक्स-रे पाहणारं यंत्र. कोणी खोकल्यासाठी काढलेला, कोणी नोकरीसाठी. नाव पुसून, फक्त तालुका आणि स्त्री की पुरुष एवढंच ठेवून ते इथे येत आणि यंत्र बायकांच्या एक्स-रेत एकच गोष्ट शोधत बसे: स्तनरोपणाची गोल सावली.

"सर्वेक्षणात बायका खरं सांगत नाहीत, आणि का सांगावं?" शाल्मली म्हणायची. "पण रोपणं जुनी होतात, फुटतात. किती जणींना तपासणी लागणार हे कळायला नको?"

हेतू चांगलाच होता. पण चांगल्या हेतूने माणसं जेवढा घोळ घालतात, तेवढा घालायला वाईट हेतूवाल्यांना सवडच मिळत नाही.

तिची जुनी मैत्रीण डॉ. नाझनीन अत्तार प्लास्टिक सर्जन होती. अहवालाचा मसुदा वाचून तिने चष्मा काढला.

"तालुक्यांचे आकडे छापू नकोस, शाल्मली."

"का? नावं कुठे आहेत त्यात?"

"नावांचं नाही म्हणत मी. तुझं यंत्र दोन्हीकडून चुकतं. कधी नसलेलं रोपण त्याला दिसतं, कधी असलेलं निसटतं. नव्या हलक्या जेलची सावली तर इतकी फिकट, की मीच बसवलेलं मला एक्स-रेत सापडत नाही."

"अगं, पण लाखो चित्रांत या चुका एकमेकींची फिटंफाट करतात. एकूण आकडा चोख येतो."

"एकूण येईल. पण या आंबेघळ तालुक्यात तुझा आकडा आहे एक. तिथे कोण कोणाची फिटंफाट करणार?"

शाल्मली हसली. अर्धामुर्धा तक्ता छापणं तिच्या स्वभावात नव्हतं. लग्नाच्या पंगतीतली पानंसुद्धा मोजणाऱ्या बाईला घरचे पाठीमागे 'मोजपट्टी' म्हणत, ते काही उगाच नाही. तक्ता पूर्ण छापला गेला, वर्तमानपत्रांतही आला.

मग आंबेघळच्या हळदीकुंकवात त्या एकीचा शोध सुरू झाला. आपल्यातली असणं शक्यच नाही, हे सर्वांना पटलं, आणि बोटं वळली शाळेत नव्याने लागलेल्या पुण्याच्या शिक्षिकेकडे. ती मैथिली, शाल्मलीच्या भावाची मुलगी. नोकरीसाठी तिने तिथल्याच दवाखान्यात एक्स-रे काढला होता, आणि तिथल्याच औषध-दुकानदाराच्या मुलाशी, निरंजनशी, तिचा साखरपुडा झाला होता.

वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुमच्या त्या आकड्यापायी पोरीचं लग्न मोडायची वेळ आलीय. काहीतरी करा हो."

नाझनीनला बोलावून शाल्मलीने आंबेघळचं, यंत्राने निवडलेलं ते एकमेव चित्र पडद्यावर घेतलं.

"ही तुझी एक?" नाझनीन म्हणाली. "मणका बघ हिचा. सत्तरीच्या पुढची आहे ही! आणि ही सावली दाणेदार आहे. वर गाठोड्याला मारतात तशी गाठही दिसतेय."

आंबेघळच्या तंत्रज्ञाला फोन लावला. तो ओशाळून म्हणाला, "मॅडम, इकडच्या म्हाताऱ्या आमच्यासमोर चोळी काढत नाहीत. खोकल्याला शेक म्हणून गरम मिठाची पुरचुंडी आत खोचलेली असते, तीही तशीच राहते. आम्ही लांबूनच सांगतो, आजी, श्वास धरा."

छायागणक शहरातल्या चित्रांवर शिकलेला. मिठाची पुरचुंडी त्याने बापजन्मात पाहिली नव्हती. शाल्मलीला हसू आवरेना, डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे ती एक कोणी नव्हतीच! तिने दुरुस्तीपत्रक लिहिलं, आंबेघळपुढे शून्य घातलं, आणि पाठवण्याआधी मैथिलीला फोन केला.

"मैथिली, ऐक, चांगली बातमी आहे."

"आत्या, आधी माझं ऐक. काल मी निरंजनच्या घरी जाऊन सांगून टाकलं."

"काय सांगितलंस?"

"की ती मीच. बाविसाव्या वर्षी माझं ऑपरेशन झालं ना, ते पोटाचं नव्हतं. डाव्या बाजूला गाठ होती. तेव्हाच ते नवं, हलकं रोपण बसवलं. तुला सांगायचं होतं गं. पण आई म्हणाली, वन्संना नको, त्या सगळं मोजतात."

शाल्मलीने समोरचं दुरुस्तीपत्रक बाजूला सारलं.

"निरंजनला मी माझ्या तोंडाने सांगणार होते, मला जमेल तेव्हा. पण म्हटलं, यंत्राने पाहिलंय, छापूनही आलंय. आता नाही म्हणाले तर खोटी ठरेन. त्याच्या आईने अंगठी परत मागितली. तो खाली बघत बसला."

म्हणजे आकडा बरोबर होता. म्हातारीचं मीठ यंत्राला दिसलं होतं आणि मैथिली निसटली होती. दोन चुकांची फिटंफाट होऊन उत्तर अगदी चोख आलं होतं. या पोरीला कोणीही पाहिलं नव्हतं. ती गप्प बसली असती, तर आज दुपारपर्यंत शून्य जाहीर झालं असतं. शाल्मलीला स्वतःची विलक्षण लाज वाटली. शेजारी नाझनीनने मान फिरवली.

"आत्या, तू काय सांगणार होतीस?"

"काही नाही गं."

"मग मला एकच सांग. मी दिसले होते ना त्यात? म्हणजे लपवून काही उपयोग नव्हता ना?"

पडद्यावर म्हातारीची पुरचुंडी तशीच होती. शाल्मलीने जन्मात कधी खोटा आकडा सांगितला नव्हता.

"हो बाळा," ती म्हणाली. "स्पष्ट दिसली होतीस."