शेंगापोळीचा डबा

"तुम्हीच ना? निळा शर्ट?"

माचणूरच्या घाटावर, खालून तिसऱ्या पायरीवर बसलेल्या माणसानं वळून आधी तिच्याकडं बघितलं, मग स्वतःच्या शर्टाकडं.

"शर्ट तर निळाच हाय," तो म्हणाला.

झालं. अक्षताला तेवढं पुरलं. स्कूटीची किल्ली तिनं पर्समध्ये टाकली, हातातला स्टीलचा डबा छातीशी धरला आणि बसायला जागा शोधायला लागली. पायऱ्या दवानं अजून ओल्या होत्या.

"हितं बसा की. वाळलंय." त्यानं उन्हात पसरलेल्या काळ्या घोंगडीचं टोक दाखवलं. पोरगी बघायला येताना कुणी घोंगडी घेऊन येतं का, हा प्रश्न तिला तेव्हाच पडायला हवा होता. पण आज तिचं चित्त कुठं ठिकाणावर होतं!

त्याचं काय आहे, मुलगी बघायला पाहुणे घरी आले की ते गल्लीभर कळतं, आणि नकार आला की तोही गल्लीभर कळतो. म्हणून हल्ली देवळात ठरवतात. दोन्हीकडची माणसं 'सहज दर्शनाला' येतात. जमलं तर देवाची कृपा, नाही जमलं तर दर्शन तरी झालं. अक्षताची अशी चार दर्शनं झाली होती. आज पाचवं. मागच्या सीटवर काशम्मा मावशीला बसवून ती जुळे सोलापुरातून सकाळी सातला निघाली, ती थेट भीमेकाठी येऊन थांबली. मध्यस्थानं फोन करून सांगितलं, पोरगा घाटावर बसलाय, निळ्या शर्टात. बायोडाटातला फोटो स्टुडिओवाल्यानं इतका घासूनपुसून गोरा केला होता, की त्यावरून सख्ख्या आईनंही पोराला ओळखलं नसतं.

मावशी सिद्धेश्वराच्या देवळातच थांबली होती. जाताना म्हणाली, "बेडा म्हणायचं असलं तर लवकर म्हण. उन्हाच्या आत घरी जाऊ." बेडा म्हणजे कानडीत नको.

राहिला डबा. अक्षताची आई, सावित्रम्मा, दर वेळी पहाटे उठून शेंगापोळ्या करायची. "पोरगा आवडला तर दे. न्हाय आवडला तर परत आण, आपण चहासंगट खाऊ." चारही वेळा मायलेकींनी त्या चहासंगट खाल्ल्या होत्या. आईला वाटायचं, पत्रिका आडवी येते. पत्रिका बिचारी कुठंच आडवी आलेली नव्हती.

"मी सरळ बोलते," अक्षता म्हणाली. "मी लॅबमध्ये काम करते. लोकांचं रक्त काढते. नोकरी सोडणार नाही."

"नका सोडू."

"भाकरी मला येत नाही. म्हणजे येते, पण गोल येत नाही."

"पोटात गेल्यावर कोण बघतंय..."

तिला हसू आलं, ते तिनं दाबलं. नदीवरून गार वारा येत होता. पलीकडून होडीतल्या कुणाचा तरी बोलण्याचा आवाज पाण्यावरून तरंगत येत होता. निळ्या शर्टवाल्यानं बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या, आणि अक्षताची नजर सवयीनं त्याच्या हातावर गेली.

"तुमची शीर चांगली आहे," ती बोलून गेली.

"काय?"

"हातावरची. एका टोचण्यात मिळेल."

"असं आजवर कुणी म्हणलं न्हवतं मला," तो म्हणाला आणि हात जरा पुढं करून स्वतःच बघायला लागला. आता मात्र ती हसली. छान वाटत होतं तिला, हे खोटं कशाला बोला. चार पोरांशी बोलताना शब्द जुळवावे लागायचे, तसे आज लागत नव्हते. म्हणूनच तिला भीती वाटली. कारण खरा प्रश्न अजून राहिला होता, आणि त्या प्रश्नावर चारही जण घसरले होते.

तिनं डब्यावर बोटं घट्ट धरली.

"बाबा गेल्यापासून आई आणि मी, दोघीच आहोत. लग्नानंतर आई माझ्याजवळ राहील. आपल्या घरात. चालेल का तुम्हाला?"

पहिला म्हणाला होता, बघू. दुसरा म्हणाला, घरी विचारतो. तिसऱ्यानं विषय बदलला, चौथ्याच्या आईनं फोनच उचलला नाही. हा मात्र पाण्याकडं बघत खरंच विचार करत बसला.

"त्यास्नी चालंल का?" त्यानं विचारलं.

"कुणाला?"

"तुमच्या आईला. विचारलंय का तुमी?"

अक्षता चपापली. दोन वर्षं ती परक्या घरच्या पोरांना विचारत हिंडत होती. आईला एकदाही विचारलं नव्हतं. आईला हवंच असणार, हे तिनं मनाशी धरूनच ठेवलं होतं.

"माझी आई चार दिवस माझ्या खोलीवर आली की पाचव्या दिवशी पिशवी भरती," तो सांगत होता. "म्हणती, तुझ्या गॅसवर माझी भाकर फुगत न्हाय. म्हणून मीच येतो हितं गावाकडं दर रविवारी. ही घोंगडी तिचीच, धुवायला आणलीया."

अक्षताला एकदम भरून आलं. तिनं डब्याची कडी काढली. शेंगदाण्या-गुळाचा खमंग वास सुटला. आजवर हा डबा तिनं कुणासमोर उघडलाच नव्हता. एक पोळी उचलून तिनं त्याच्यापुढं धरली.

त्यानं हात पुढं केला... आणि मागं घेतला.

"मी तो न्हाय," तो म्हणाला.

"कोण नाही?"

"तुमी ज्याला बघाया आलाय, तो. मी धनाजी. धनगराचा. चिंचोळीला टॉवेलच्या कारखान्यात हाय. तुमी आला, बोलायला लागला... मला लगेच सांगायला पायजे हुतं."

"मग का नाही सांगितलं?" तिचा आवाज चढला.

"ऐकत बसावं वाटलं." त्यानं मान खाली घातली. "पन दुसऱ्याच्या नावानं केलेली पोळी कशी खाऊ?"

अक्षताचे कान तापले. पोळी डब्यात टाकून तिनं कडी लावली आणि ती तडक पायऱ्या चढून गेली. वरच्या पायरीवर मावशी भेटलीच. "अगं, कुटं हुतीस? पोरगा गाडीत बसलाय, किल्ल्यापाशी. घाटावर ऊन लागतंय म्हणं त्याला."

गाडीतला गुरुशांत वाईट नव्हता, उगाच कशाला नावं ठेवा. नीट बोलला, पाण्याची बाटली दिली. निळा शर्टही होता. अक्षतानं पाचव्यांदा तोच प्रश्न विचारला.

"आईचं ना? त्याचं नंतर बघता येईल," तो गोड हसत म्हणाला. "आधी बाकीचं ठरू दे."

तिनं हात जोडले. मावशीला म्हणाली, "बेडा."

"देवा सिद्धेश्वरा," मावशी म्हणाली. "बरं, मी प्रदक्षिणा घालून येते. तू गाडी काढ."

गाडी काढायची सोडून अक्षता घाटाकडं वळली. मघाचा राग वाटेतच कुठंतरी सांडला होता. खोटं बोलून पोळी खाता आली असती त्याला. कोण बघत होतं? हे एकच तिच्या डोक्यात फिरत होतं.

धनाजी घोंगडीची घडी घालत होता. तिला बघून थांबला. ती त्याच पायरीवर बसली आणि तिनं आईला फोन लावला.

"आई, माझं लग्न झाल्यावर तू माझ्याजवळ येऊन राहशील?"

"एका घरात?" सावित्रम्मानं विचारलं. "न्हाय ग बाई. मला माझी चूल लागती, माझा टीव्ही लागतो. तू आपली शेजारी राहा. हाक मारली तर ऐकू येईल एवढं लांब."

अक्षता हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू आलं. "ह्याच्यावरून पाच पोरं हातची गेली, आई."

"मी पत्रिकेला शिव्या घालत हुते," आई म्हणाली. "एवढी वर्षं लोकांना विचारलंस, आणि मला आज विचारतीस व्हय? कुणी सुचवलं?"

"एकानं. घाटावर भेटला."

"आपल्यातला हाय?"

अक्षतानं धनाजीकडं बघितलं. तो नदीकडं बघत होता, पण कान इकडंच होते.

"नाही. धनगर आहे. आणि आई... मला आवडलाय तो."

बोलली एकदाची. धनाजीच्या हातातली घडी सुटली. फोनमध्ये कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली. तिसरीला आईनं गॅस बंद केला असावा.

"जेवला का तो?" सावित्रम्मानं विचारलं.

"नाही."

"मग डबा हातात धरून काय बसलीस? पुढचं पुढं बघू. माणूस उपाशी बसवू ने."

फोन ठेवून अक्षतानं डबा पुढं केला. या वेळी तो दुसऱ्या कुणाच्या नावाचा नव्हता, फक्त त्याच्यासाठी होता. धनाजीनं हात शर्टाला पुसले, पोळी मोडली, पहिला तुकडा तिला दिला आणि मग स्वतः खाल्ला. बराच वेळ चावत राहिला.

वरून मावशीची हाक आली. अक्षता उठली.

"डबा?" त्यानं विचारलं.

"राहू दे. अजून चार पोळ्या आहेत, तुमच्या आईला द्या."

"मग परत कुटं आणून देऊ?"

"जुळे सोलापूर. पत्ता पाठवते, नंबर सांगा." तिनं नंबर लिहून घेतला, दोन पायऱ्या चढली आणि वळून म्हणाली, "पुढच्या रविवारी या. पण रिकामा आणू नका. आमच्या आईला रिकामा डबा परत आलेला चालत नाही."

"आईला सांगतो," धनाजी म्हणाला. "ती भरून देईल."