वीज गेल्यावरही येणारा आवाज

"लोहाराकडे आधी पोहोचेल तो राजा!" ढापण्या ओरडला आणि दगडी रस्त्यावरून सुसाट सुटला.

"चष्मा सांभाळ, राजेसाहेब! नाहीतर भिंतीवर आपटाल!" ताईने मागून टोला हाणला.

ताईची पाच वर्षांची बहीण खारू तिचा हात धरून तुरुतुरु पळत होती. चुलत भाऊ ढापण्या सुट्टीला आला होता, म्हणून आत्या तिघांना टेकडीवरचं संग्रहालय दाखवायला घेऊन आली होती. गावोगावची मोडकळीला आलेली घरं उचलून आणून इथे एक जुनी वस्तीच उभी केली होती. घराघरात माणसांचे पुतळे होते आणि छताआड लपवलेले स्पीकर. लोहाराकडे घण वाजायचे, विणकराकडे माग खडखडायचा.

"माझे पाय बोलायला लागले बाई!" आत्या झाडाखालच्या बाकावर टेकली. "तुम्ही फिरा. पण खारूचा हात सोडलात तर याद राखा!"

शेवटचं घर होतं धान्याच्या व्यापाऱ्याचं. त्याचं उद्घाटन आजच व्हायचं होतं, पण दार आधीच सताड उघडं होतं. आत अंधारलेलं होतं. पगडीवाले शेटजी गादीवर बसले होते आणि त्यांचे काचेचे डोळे थेट दाराकडे लागले होते. कुठूनतरी धान्य कांडल्याचा आवाज येत होता. धप्... धप्... धप्...

खारू ताईच्या पाठीमागे दडली. "ताई, खाली कोणीतरी आहे."

"वेडाबाई, ती रेकॉर्ड आहे!" ढापण्या हसला. "खाली भूत असतं तर त्यालाही तिकीट काढावं लागलं असतं!"

तेवढ्यात वीज गेली.

घण थांबले. माग थांबला. सगळी वस्ती एका क्षणात मुकी झाली. आणि त्या शांततेत पायाखालून आवाज आला. ठक्... ठक्, ठक्...

ढापण्याचं हसू ओठांवरच गोठलं. "ताई... वीज नाही. मग रेकॉर्ड कशी वाजेल?"

ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. पळून जावं, असंच तिला वाटलं. पण खारू तिचा हात सोडवून पुतळ्यापुढे बांधलेल्या दोरीखालून आत शिरलीसुद्धा! जमिनीवर पालथी पडून तिने फळीवर मूठ आपटली. एकदा, दोनदा.

खालून उत्तर आलं. ठक्, ठक्.

"आई गं!" ढापण्या मागे सरला, तो दाराआडच्या कशाला तरी धडकला. ती एक पाटी होती, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. त्याने ती उलटवली आणि कापऱ्या आवाजात वाचली, "'तळघरात वाळवीचं औषध मारणं चालू आहे. झाकण लावू नये.'"

तळघराचं झाकण कुठेच दिसत नव्हतं. जिथून आवाज येत होता, त्याच्या अगदी शेजारी एक भलामोठा लाकडी पेटारा ठेवलेला होता. त्याच्याखालच्या फटीतून उग्र वास येत होता.

"ढकला!" ताई ओरडली. तिघांनी जीव खाऊन जोर लावला, पण पेटारा तसूभरही हलेना.

"ए! दोरीच्या आत कोणी जायला सांगितलं?" रखवालदाराने तिघांना बखोट धरून बाहेर काढलं आणि दाराला कुलूप ठोकलं.

"काका, खाली माणूस आहे! औषधाच्या वासात कोंडलंय!"

"औषधवाल्या बाई सकाळीच गेल्या. व्यवस्थापकसाहेब स्वतः म्हणाले. आणि किल्ली त्यांच्याचकडे आहे. चला, पळा!"

मुलं धावत सुटली. व्यवस्थापक फाटकाशी उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांच्या स्वागताच्या गडबडीत होते. ताईने धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "बाळ, ती रेकॉर्ड आहे. आम्ही बसवलीय ना! किती हुबेहूब वाटते, नाही?"

"पण वीज गेलीय!"

"हो ना! नेमकी आज!" म्हणत ते वळलेसुद्धा.

खारू मुसमुसत होती, "ती दमली असेल, ताई. अगदी हळू वाजवत होती..."

ढापण्याने चष्मा पुसला, एक मोठा श्वास घेतला आणि बेंबीच्या देठापासून बोंबलला, "साहेब! शेटजींच्या पुतळ्याची मान तुटली! पगडी फाटली!"

"काय?!" व्यवस्थापकांचा चेहरा पांढराफटक पडला. माणूस कोंडल्याचं ऐकून जागचे न हललेले साहेब आता किल्ली काढून असे धावले, की पाहुणेही काय झालं म्हणून मागोमाग पळाले. आत्याही हाका मारत निघाली.

कुलूप उघडलं. शेटजी मजेत बसले होते.

"कोण रे तो खोटारडा?" व्यवस्थापक गरजले.

"मी!" ढापण्या पुढे झाला. "मला हवी ती शिक्षा करा. पण आधी फक्त ऐका!"

खारू फळीवर आपटू लागली. ठक्, ठक्.

सगळे श्वास रोखून उभे राहिले. काहीच नाही. तिने पुन्हा मूठ आपटली. "मावशी! वाजव ना गं!"

ताईने डोळे घट्ट मिटले. उशीर झाला का? खूप उशीर?

ठक्...

इतका क्षीण, की नखाने खरवडल्यासारखा. पण सगळ्यांनी ऐकला.

"अरे देवा!" व्यवस्थापकांनी कपाळावर हात मारला. "पेटारा हलवा! हलवा लवकर!"

रखवालदार, पाहुणे, सगळे तुटून पडले. पेटारा सरकला, झाकण उघडलं आणि उग्र वासाचा लोट वर आला. शिडीच्या वरच्या पायरीला मिठी मारून एक बाई बसली होती. नाकातोंडाला फडकं, डोळे लाल, हातात औषधाच्या पंपाची नळी. रखवालदाराने त्यांना दोन्ही हातांनी ओढून बाहेर मोकळ्या हवेत आणलं. पाहुण्यांमध्ये एक डॉक्टर होत्या. त्या लगेच नाडी बघू लागल्या. कोणीतरी फोन करून रुग्णवाहिका बोलावली.

"त्या पाटीने उद्घाटनाचा फोटो बिघडला असता," व्यवस्थापक खाली मान घालून पुटपुटले. "मीच ती काढली. मीच पेटारा ठेवायला लावला. मला वाटलं, बाई गेल्या. खाली डोकावून बघायला हवं होतं..."

"हवंच होतं!" डॉक्टरबाई कडाडल्या. "अजून थोडा वेळ गेला असता, तर फार वाईट झालं असतं. या पोरांमुळे जीव वाचला. शाबास रे बाळांनो!"

आत्याने ढापण्याचे केस विस्कटले. "आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलल्याबद्दल तुझी पाठ थोपटतेय. सवय लावून घेऊ नकोस!"

सगळे हसले. ताईला मात्र हसता येईना. इतका वेळ खंबीर राहिलेली ताई आता आत्याच्या कुशीत शिरून हमसाहमशी रडली.

स्ट्रेचरवरून बाईंनी हाताने खूण करून खारूला जवळ बोलावलं. आवाज फुटत नव्हता, तरी त्या हळूच म्हणाल्या, "मी हात टेकले होते गं. वाटलं, कोणाला ऐकूच जाणार नाही. मग तू उत्तर दिलंस."

खारूने त्यांची सुजलेली, सोललेली बोटं आपल्या इवल्या मुठीत धरली आणि त्यांवर फुंकर घातली.